उजव्या दाराची मूठ

अण्णांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी समडोळीच्या जैन बस्तीत अभिषेक झाला. तिथून सगळी मळ्यातल्या घरी परतली, आणि परतल्या परतल्या स्वप्नालीनं साडी बदलून कामाचे कपडे चढवले. आई काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. चंपाबाई सोप्यात खुर्चीवर बसून बोटांना तेल चोळत होत्या. लेकीच्या हातातली हत्यारांची पेटी त्यांनी पाहिली.

"जेवून घे की आदी. गाडी कुटं पळून जानार हाय?"

"उद्या सकाळी न्यायला येणार आहेत, आई. आज दोन्ही दारं झाली पाहिजेत."

"मग कर बाई," म्हणून चंपाबाई पुन्हा बोटांकडे वळल्या. संधिवातानं त्यांच्या दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या बाजूला झुकली होती, वाऱ्यानं एका अंगाला कललेल्या पिकासारखी.

गाडी शेडात होती. अण्णांनी, म्हणजे आदगोंडा मगदूमांनी, हळदीच्या व्यापारात बस्तान बसल्यावर ती मुंबईच्या एका गिरणीमालकाकडून घेतली होती. जर्मन बनावटीची, निळसर राखाडी रंगाची, लांबलचक, आणि एवढ्या लांबीला दारं मात्र दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं. गावानं तिचं नाव दोनदारी पाडलं आणि घरानंही तेच उचललं. तिचे गिअर आपोआप पडायचे, स्टिअरिंग हलक्या हातानं फिरायचं. अण्णांनी तिच्या काचेवर साधं स्टिकर कधी लावू दिलं नव्हतं. आतबाहेर सगळं मूळचं जपलं होतं, एक डावं दार सोडून.

त्या दाराची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. दाराच्या आतलं मूळचं हँडल म्हणजे खाचेत बसवलेली क्रोमची पट्टी. दोन बोटं आत घालून ती ओढायची. चंपाबाईंच्या बोटांना ते जमेनासं झालं, तसे अण्णा आधी उतरून, वळसा घालून, बाहेरनं दार उघडायला लागले. पण अण्णा बोलघेवडे. एकदा मार्केट यार्डात उतरले ते अडत्याशी बोलत बोलत दुकानात शिरले, आणि चंपाबाई भर उन्हात बंद गाडीत बसून राहिल्या. काच खाली करायचा दांडाही त्यांना फिरवता येईना. दुसऱ्या दिवशी अण्णा इस्लामपूरला एका लेथवाल्याकडे गेले आणि वीतभर लांब पितळी मूठ घडवून आणली. तळव्यानं, नाहीतर कोपरानं, नुसती खाली दाबली की दार उघडायचं. ती बसवायला स्टिकरसुद्धा न लावू देणाऱ्या माणसानं दाराच्या पॅनलला स्वतःच्या हातानं भोकं पाडली.

आता सम्मेदला ती मूठ नको होती. सम्मेद तिघा भावंडांत धाकटा, पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिथं जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांचा एक क्लब होता आणि गाडी आतून-बाहेरून मूळची असल्याशिवाय तो क्लब तिला दारात उभी करत नव्हता. थोरल्या श्रेणिकनं गाडी पुण्याला न्यायला हो म्हटलं होतं. शेड रिकामं झालं तर हळदीची पोती ठेवायला त्याला हवंच होतं. राहिली स्वप्नाली. ती आणि तिचा नवरा सन्मती साताऱ्यात, कोरेगाव रस्त्यावर, गाड्यांच्या आतल्या सजावटीचं वर्कशॉप चालवत होते. हँडलं तिनंच शोधली होती. जर्मनीत जुन्या सुट्या भागांचा एक व्यापारी सापडला, त्याच्याकडून दोन्ही दारांची हँडलं, काचेचे दांडे आणि त्यांच्याभोवतीच्या चकत्या मागवल्या. न वापरलेला, तेलकट कागदात गुंडाळलेला माल. हे काम नीट झालं तर क्लबातल्या तिघांच्या गाड्या साताऱ्याला येणार, असं सम्मेदनं सांगितलं होतं. सन्मतीनं त्यांच्यासाठी जागासुद्धा मोकळी करून ठेवली होती.

स्वप्नालीनं गाडीवरचं कापड ओढून काढलं, डाव्या बाजूला गेली, दार उघडलं आणि तिथंच थांबली.

मूठ नव्हती.

मुठीच्या जागी क्रोम उडालेलं जुनं हँडल होतं, आणि तेही उलटं. डाव्या-उजव्याची हँडलं वेगळी असतात. उजव्याचं डाव्याला लावलं तर ते डोक्यावर उभं राहतं. दार उघडतं, पण सवयीचा हात फसतो. ती वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेली. अण्णांची पितळी मूठ उजव्या दारात होती. घासून लख्ख केलेली.

तिनं आधी काही ठरवलं नाही. काम करता करता तिला नीट सुचायचं. तिनं उजव्या दाराचे स्क्रू काढले, आर्मरेस्ट सोडवली, दांड्याची क्लिप सरकवली आणि पातळ लाकडी पट्टी घालून पॅनल कडेकडेनं सुटं केलं. ते अगोदर कुणीतरी एकदा काढलेलं होतं. दोन क्लिपा तुटल्या होत्या, त्या जागी जाड दोऱ्याचे टाके घातले होते. पत्र्यावर प्रत्येक भोकाशेजारी निळ्या खडूनं आकडे टाकलेले होते, काढलेलं जिथल्या तिथं जावं म्हणून. खडू टेलरचा होता. या घरात शिलाईचं मशीन एकीच्याच खोलीत होतं.

मग बाकीचंही दिसायला लागलं. ड्रायव्हरची सीट पार पुढं ओढलेली. तिच्यावर जुन्या इरकली लुगड्याची शिवलेली उशी. टायरांच्या खाचांत काळी माती, आणि ती वर्षभरापूर्वीची नव्हती.

श्रेणिकची बायको रूपाली चहा घेऊन आली तेव्हा स्वप्नाली पॅनल मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. रूपालीची नजर आधी पॅनलवर गेली, मग नणंदेवर. कप कुठं ठेवावा हे तिला कळेना. शेवटी तिनं तो हातातच धरला.

"वैनी, मूठ इकडं कुणी लावली?"

"मी."

"तू गाडी चालवतेस?"

"मला कुटं येतीया." रूपालीनं मागं वळून घराकडे बघितलं. "आत्ती चालवत्यात."

स्वप्नालीनं पॅनल मांडीवरून खाली ठेवलं. तेव्हा रूपालीच सांगत गेली. अण्णा गेल्यावर चंपाबाई दुपारी शेडात येऊन गाडीत बसायच्या. नुसत्या बसायच्या, आपल्या नेहमीच्या डाव्या जागेवर. रूपाली त्यांना एकटं कसं सोडायचं म्हणून शिलाई घेऊन शेडात बसायची. एक दिवस त्या म्हणाल्या, त्या बाजूनं कसं दिसतंय बघू. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, किल्ली आण.

"मला वाटलं नुसतं इंजिनाचा आवाज ऐकायचा आसंल. त्यांनी सरळ दांडा मागं ओढला की वो. गाडी निघाली. मी मागनं पळायली. हिरीपातूर गेल्या आनी थांबल्या. मला म्हनाल्या, इतकी वर्सं शेजारी बसून बघितलंय, न्हाई येनार व्हय."

"मग?"

"मग रोज. तुमचं दादा सांगलीला दुकानाला गेलं की आमी दोघी निघायचं. शेड ते हीर, हीर ते शेड. रस्त्याला न्हाई न्हेली कवा. पन त्या बाजूचं दार त्यांना उघडंना. थांबलं की मी पळत जाऊन उघडायची. त्यांना ते आवडायचं न्हाई. एक दिवस म्हनाल्या, मूठ हिकडं घे." रूपाली किंचित हसली. "मोबाइलवर बघून बघून काढली. दोन क्लिपा मोडल्या तवा रडायचीच बाकी राहिले."

टाके चांगले होते. असं काम शिकवून येत नाही, हे स्वप्नालीला ठाऊक होतं. पण तिच्या मनात त्या वेळी टाके नव्हते. आई तिच्याशी रोज फोनवर बोलायची. काय शिजवलं, कोण आलं, कुणाची म्हैस व्याली, सगळं सांगायची. हे सांगितलं नव्हतं. लहानपणी अण्णांनी दोन्ही मुलांना याच वाटेवर गाडी शिकवली, तेव्हा स्वप्नालीनं हट्ट धरला होता आणि आईच म्हणाली होती, पोरीला काय करायचंय. ती पुढं सन्मतीच्या हाताखाली, लोकांच्या गाड्या वर्कशॉपात आत-बाहेर करत शिकली. आणि आता आईनं सोबतीला घेतलं ते सुनेला.

"मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं?" तिनं विचारलं.

"ते आत्तींना इचारा," रूपाली म्हणाली. चिडून नाही, साधेपणानं.

तेवढ्यात सम्मेदचा आवाज आला. तो फोनवर बोलतच शेडात शिरला, फोन खिशात टाकला आणि वाकून नव्या हँडलांच्या खोक्यात बघू लागला. एक हँडल त्यानं कागदातून काढून उजेडात धरलं.

"अक्का, काय माल आहे. झालं का डावं?"

रूपालीनं नणंदेचं मनगट धरलं. हळूच म्हणाली, "वन्सं, आत्तींचं नाव नगा घेऊ. मीच चालवते म्हनून सांगा."

स्वप्नालीनं तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला सोपं होतं. क्लिपा कमी पडल्या म्हटलं असतं तरी सम्मेदला पटलं असतं, त्याला यातलं काही कळत नव्हतं. पण मग उद्या सकाळी गाडी जायची ती जायचीच. आणि आई सोप्यात तेल चोळत बसून राहायची, कुणाला काही न बोलता.

"डावं करते," ती म्हणाली. "उजव्याचं आईला विचारल्याशिवाय करणार नाही."

"आईला काय विचारायचं त्यात? आईचं तर डावं दार."

"घरात चल."

सोप्यात श्रेणिक पाटावर जेवायला बसला होता. सम्मेदनं काय झालं ते विचारलं आणि स्वप्नालीनं उभ्या उभ्याच सांगितलं, थोडक्यात, कुणाची बाजू न घेता. सांगताना ती आईकडे बघत होती. चंपाबाई तेलाची वाटी बाजूला सारून पदराला हात पुसत राहिल्या.

पहिल्यांदा बोलला श्रेणिक. तो आईशी बोललाच नाही. घास हातात तसाच धरून त्यानं बायकोकडे बघितलं.

"वरीस झालं हे चाललंय?"

"व्हय. वरीसच म्हना की."

"रोज संध्याकाळी मी घरात येतोय. माज्यासंगं जेवतीस, बोलतीस. एकदा सांगावं वाटलं न्हाई?"

"तुमी नगं म्हनला असता."

"म्हनलो असतोच. काय झालं असतं म्हंजे? हिरीला कठडा तरी हाय का?"

"म्हनूनच न्हाई सांगितलं," रूपाली म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्यानं ती खाल्ली नाही.

 सम्मेद ओरडणारा नव्हता. मोठ्या लोकांच्या बैठकीत बसून त्याचा आवाज आणखीच खाली आला होता. आईच्या समोर खुर्ची ओढून बसला.

"आई, हौस म्हणून मी समजू शकतो. पण तुझे हात बघ. उद्या ब्रेक लागला नाही, समोर कुणाचं पोर आलं, तर काय करणार? अण्णा असते तर त्यांनी दिली असती का किल्ली?"

"न्हाई दिली आसती," चंपाबाई म्हणाल्या. "मला ठावं हाय. मी मागितली बी नसती."

"मग?"

"त्यास्नी मी इचारत न्हवते. तुला बी इचारलं न्हाई."

 चंपाबाईंनी असं उत्तर दिलेलं त्या तिघांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पुन्हा हात पुसले, तेल केव्हाच निघालं होतं तरी.

"सम्मेद, मी तुज्यावर रागावले न्हाई. गाडी न्हेतो म्हनलास, मी बरं म्हनलं. माजीच चूक हाय ती. मला वाटलं, न्हेईल तर न्हेऊ दे, आपलं कुटं चालतंय. पन सकाळी बस्तीत बसले तवा सारखं मनात यायलं, उद्या दुपारी मी काय करनार." त्यांनी तेलाची वाटी जवळ ओढली. "माजी भन राही कवठेपिरानला हाय. हितनं किती लांब? तिच्याकडं जायचं म्हटलं की मी आदी बघनार कुनाला येळ हाय. श्रेणिकला इचारनार, त्यो म्हननार उद्या. उद्या बाजार. मग परवा. आनी गेलं तरी कुनीतरी भायेर गाडीत बसून हॉर्न वाजवनार. चार वाक्यं बोलून उठायचं. मला तिच्याकडं पोट भरून बसायचं हाय."

"त्यासाठी ड्रायव्हर ठेवू," सम्मेद म्हणाला. "मी ठेवतो."

"मला ड्रायव्हर नगं. मला यीतंय."

"कसं येतंय ते बघतो मग," सम्मेद उठत म्हणाला. "चल. आत्ताच. मी शेजारी बसतो. मला धोका वाटला तर विषय संपला, गाडी उद्या जाईल. कबूल?"

"आदी तिला दार लावू दे," चंपाबाई म्हणाल्या. "सुटं करून ठेवलंय न्हवं."

स्वप्नालीनं उजवं पॅनल परत बसवलं. पेटीत नव्या क्लिपा होत्या, तुटलेल्यांच्या जागी त्या दाबल्या आणि दोऱ्याचे टाके कापून टाकले. मूठ पक्की आवळली. सम्मेद तिच्या मागं उभा होता. नवं हँडल अजून त्याच्या हातात होतं, पण त्यानं ते पुढं केलं नाही. श्रेणिक पायांत चप्पल घालून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत विहिरीच्या दिशेनं चालत गेला आणि कठडा नसलेल्या कडेला जाऊन उभा राहिला. बायकोशी तो अजून बोलत नव्हता.

चंपाबाई बसल्या. त्यांनी उशी सारखी केली, आरसा कोपरानं ढकलून हवा तसा केला. गोळा केलेल्या मुठीनं गिअरचा दांडा ओढला. डाव्या बाजूनं सम्मेद बसला, मागं स्वप्नाली. पुढची सीट वाकवून मागं शिरताना तिला एकदम आठवलं की लहानपणी त्या जागेसाठी ती सम्मेदशी भांडायची.

गाडी शेडातून निघाली. धक्का बसला नाही. चंपाबाई स्टिअरिंगला बोटांनी धरतच नव्हत्या. दोन्ही तळवे चाकावर टेकवून त्या ते ढकलत होत्या, परातीत भाकरी फिरवावी तसं. वेग पायी चालणाऱ्यापेक्षा थोडाच जास्त. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला हळदीचं रान. सम्मेदचे दोन्ही पाय समोरच्या फळीवर दाबलेले होते, तिथं ब्रेक नव्हता तरी.

विहीर मागं टाकली. परत वळवायला तिथं मोकळी जागा होती, चंपाबाई रोज तिथूनच वळत. आज त्या वळल्या नाहीत. बहुतेक लेकाला दाखवायचं म्हणून त्या पुढच्या चिंचोळ्या वाटेला लागल्या. आणि वळणावरून शेजारच्या लालासाहेबांचा ट्रॅक्टर आला, मागं उसाची भरलेली ट्रॉली.

त्या वाटेनं दोन वाहनं जाऊ शकत नव्हती. भरलेली ट्रॉली मागं घेता येत नव्हती. ट्रॅक्टर थांबला. लालासाहेब वरनं बघत राहिले. ड्रायव्हरच्या जागेवर चंपाबाई दिसल्यावर त्यांनी टोपी मागं सारली.

"थांब, मी घेतो मागं," सम्मेद म्हणाला आणि उतरण्यासाठी हात हँडलकडे नेला. ते उलटं. तो वर ओढत राहिला, ते उघडेना.

"बस," चंपाबाई म्हणाल्या.

त्यांनी दांडा मागच्या गिअरला नेला. मान मागं वळायची नाही, हे स्वप्नालीला माहीत होतं. त्या आरशात बघत होत्या, आणि आरशात उसाशिवाय काही दिसत नव्हतं. गाडी मागं सरकली, उजवीकडे गेली, मागचं चाक पाण्याच्या पाटाच्या कडेला आलं. माती ढासळल्याचा आवाज झाला. चंपाबाईंनी ब्रेक दाबला. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि त्यांनी तो पुसला नाही.

स्वप्नालीनं तोंड उघडलं होतं. पण सम्मेद आधी बोलला. त्यानं मागच्या काचेतून बघायला अर्धं अंग वळवलं होतं.

"पुढं घे थोडी. थोडीच. आता स्टिअरिंग माझ्याकडं ढकल. अजून. बस. आता मागं."

गाडी मागं गेली.

"हळू. सरळ कर. आई, सरळ कर. हां. येऊ दे. येऊ दे. ब्रेक जरा आधी दाबत जा, शेवटाला नको."

"आदी म्हंजे कवा?"

"थांबायचं मनात आलं की तेव्हाच."

विहिरीजवळ श्रेणिक दोन्ही हात पसरून उभा होता, कुणी त्याच्या अंगावरून गेल्याशिवाय विहिरीत पडणार नाही असा. गाडी मोकळ्या जागेत येऊन थांबली. ट्रॅक्टर पुढं निघून गेला. जाता जाता लालासाहेब एवढंच म्हणाले, "वैनी, बरं जमतंय की." चंपाबाईंनी मूठ तळव्यानं दाबली आणि उतरल्या. गाडीला टेकून उभ्या राहिल्या.

स्वप्नाली आईची सीट वाकवून उजवीकडून उतरली आणि तिनं सम्मेदला बाहेरून दार उघडून दिलं. तो उतरला, बांधावर जाऊन बसला. मग म्हणाला, "पाटात गेली असती गाडी."

"गेली असती," स्वप्नाली म्हणाली.

"मी धोका वाटला तर म्हणालो होतो."

"हो."

"मला वाटला." त्यानं खिशातून फोन काढला, हातात फिरवला. "पण हे असं अर्धवट शिकून ठेवणं जास्त धोक्याचं आहे. उद्या मी पुण्यात असेन आणि ती निघेल कवठेपिरानला. आता ती थांबणार नाही, बघितलंस ना तिचं तोंड?" मग त्यानं पुण्याला फोन लावला आणि उद्या गाडी न्यायला येऊ नका म्हणून सांगितलं. समोरून बरंच काही बोललं जात होतं. सम्मेद ऐकत होता, मधूनच हो म्हणत होता. त्याचा चेहरा पडला होता. क्लबात त्यानं दोनदारीचे फोटो दाखवून ठेवले होते.

उन्हं उतरायच्या आत जेवणं उरकली. श्रेणिकनं ताट पुढं ओढलं आणि बायकोला म्हणाला, "उद्यापास्नं तू बी शीक. तिच्या शेजारी नुसतं बसून काय उपेग?" आमटी वाढताना रूपालीचा हात थोडा रेंगाळला. चंपाबाईंना लायसन काढायचं, त्याआधी डॉक्टरांना हात दाखवायचे, तोवर मळ्याबाहेर जायचं नाही आणि विहिरीला कठडा बांधायचा, एवढं ठरलं. चंपाबाईंनी सगळ्याला मान डोलावली.

जेवण झाल्यावर स्वप्नालीनं शेडात डावं दार पुरं केलं. नवं हँडल, नवा दांडा, चकती. अण्णांनी पाडलेल्या भोकांवर तिनं मूळच्या रंगाचं चामडं बसवलं. ते काम तिला आवडत होतं आणि त्याच वेळी वर्कशॉपमधली मोकळी जागा डोळ्यांसमोर येत होती. सन्मतीला तिनं फोनवर सांगितलं, त्या तीन गाड्या येतील असं धरू नको. तो म्हणाला, "आईंचा ब्रेक कसा आहे? लायनिंग बघून घे जुनं असेल तर." तिनं बरं म्हटलं.

चंपाबाई शेडात आल्या आणि स्टुलावर बसल्या. लेकीचं काम बघत राहिल्या.

"तू रागावलीस," त्या म्हणाल्या.

"मगाशी रागावले होते. मला का सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं आसतं तर तू साताऱ्यासनं धावत आली आसतीस. शिकवायला. चांगलं शिकवलं आसतंस." चंपाबाईंनी नव्या हँडलवरून झुकलेलं बोट फिरवलं. "मला आदी चुकायचं हुतं गं. पयल्या आठवड्यात मी शेडाचं दार ठोकलं. दोनदा उसात गेले. रूपालीपुढं चुकायला काय वाटलं न्हाई, ती बी तसलीच, तिला काय यीत न्हवतं. तुला सगळं यीतंय. तुज्यापुढं चुकायचं म्हंजे..." 

स्वप्नालीनं स्क्रू आवळला, पुसला. मग तिनं आईला उठवून डाव्या सीटवर बसवलं, आणि नवं हँडल ओढता येतं का बघ म्हणाली. आलं नाही. दोघी हसल्या.

चंपाबाईंचं कच्चं लायसन डॉक्टरांच्या दाखल्यावर निघालं. सम्मेद महिन्यातून एकदा येऊ लागला. पहाटे निघून नाश्त्याला पोचायचा आणि आईला मळ्यातून फिरवायचा. एरवी तो एवढ्या वेळा कधी आला नव्हता. क्लबानं दोनदारी घेतली नाही. त्यातला एकच जण पुढं आपली गाडी घेऊन साताऱ्याला आला, बाकीचे दोघं आले नाहीत.

पक्क्या लायसनच्या परीक्षेच्या दिवशी स्वप्नाली वर्कशॉपमध्ये एका सीटचं शिवण उसवत होती. फोन वाजला. पलीकडं गर्दीचा आवाज, कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"आई? झाली परीक्षा?"

"झाली. नापास झाले," चंपाबाई म्हणाल्या. "आठाच्या आकड्यात खांबाला चाक लागलं. मागं घेताना."

"दादाला सांगितलंस?"

"श्रेणिक भायेर हाय, त्याला अजून ठावं न्हाई. सम्मेदला बी न्हाई." चंपाबाईंचा श्वास ऐकू येत होता. "तुला पयलं सांगायलेय. आता सांग, खांब जवळ आला की नजर कुटं ठेवायची?"

स्वप्नालीनं हातातली कात्री खाली ठेवली आणि स्टूल ओढून बसली.